रक्ताचा कर्करोग आणि शरीराचे वजन

दिल्लीच्या अन्सारीनगरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे कर्करोग रुग्णालय आहे. उत्तर प्रदेश, बिहार, हरियाणा, राजस्थान अशा दूरदूरच्या राज्यांतून आईबाप आपली आजारी मुले घेऊन तेथे येतात. ताप हटत नाही, चेहरा पांढुरका पडतो, अंगावर काळेनिळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. अखेरीस गावच्या डॉक्टराने रक्त तपासून मुलाला दिल्लीस नेण्याचा सल्ला दिलेला असतो. रोगाचे निदान करण्यासाठी सूक्ष्मदर्शक व त्याहून गुंतागुंतीची पुष्कळ यंत्रे असतात. परंतु औषधाचा पहिला थेंब शरीरात जाण्यापूर्वी या मुलाला दोन अगदी साध्या साधनांपाशी उभे राहावे लागते. त्यांपैकी एक म्हणजे वजनाचा काटा व दुसरे म्हणजे उंची मोजण्याची पट्टी. एवढ्या भयंकर रोगापुढे हा काटा क्षुल्लक वाटतो खरा. तथापि त्यावरील आकड्याचा रुग्णाच्या पुढील भवितव्याशी निकटचा संबंध असतो, असे गेल्या काही दशकांच्या संशोधनातून दिसून आले आहे. हा संबंध मात्र वरवर वाटतो तितका सरळ नाही.

आपल्या हाडांच्या पोकळीत जो मऊ मगज असतो त्यात रक्तातील सर्व प्रकारच्या पेशी तयार होतात. ल्युकेमिया या रोगात एखाद्या अपक्व श्वेतपेशीची वाढ बेबंद होते. तिच्यापासून निर्माण झालेल्या निरुपयोगी पेशी मगजात इतकी गर्दी करतात की निरोगी पेशींना जागाच उरत नाही. तांबड्या पेशी घटल्याने पांडुरोग होतो, बिंबिका घटल्याने रक्तस्राव होतो आणि कार्यक्षम श्वेतपेशी नाहीशा झाल्याने साधा जंतुसंसर्गही प्राणावर बेततो. लहान मुलांना होणाऱ्या कर्करोगांत या रोगाचा वाटा सर्वांत मोठा आहे, आणि त्यातही लसीकापेशींचा तीव्र ल्युकेमिया अधिक आढळतो. सुदैवाने हाच प्रकार औषधांना चांगली दाद देतो. उपचार मात्र दोन-तीन वर्षे चालतात, आणि प्रारंभीच्या महिन्यांत ते अतिशय कठोर असतात. ही औषधे रोगट पेशींबरोबर काही निरोगी पेशींचाही संहार करतात. म्हणून प्रत्येक मात्रा तराजूत तोलून द्यावी लागते: कमी पडली तर रोग उरतो, जास्त झाली तर रोगी दगावतो.

ही मात्रा ठरते कशी? सामान्य समजूत अशी की दुप्पट वजनाच्या माणसाला दुप्पट औषध लागत असावे. प्रत्यक्षात कर्करोगावरील बहुतेक औषधे शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून मोजतात. यकृत व मूत्रपिंड ही औषधाचा निचरा करणारी इंद्रिये वजनाच्या प्रमाणात वाढत नाहीत, पृष्ठभागाच्या प्रमाणात काहीशी वाढतात, असा यामागील विचार आहे. १९५८ साली डोनाल्ड पिंकेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने या पद्धतीचा पुरस्कार केला. अंगाची कातडी कोणी मोजत बसत नाही; उंची व वजन यांवरून ते क्षेत्रफळ गणिताने काढतात. सेंटिमीटरमधील उंची व किलोग्रॅममधील वजन यांचा गुणाकार करावा, त्याला ३,६०० ने भागावे व आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे, म्हणजे चौरस मीटरमध्ये उत्तर मिळते. ११५ सेंटिमीटर उंचीची तीन मुले घेऊ. एकाचे वजन २० किलो, दुसऱ्याचे १६ किलो, तिसऱ्याचे ३२ किलो. त्यांची क्षेत्रफळे अनुक्रमे सुमारे ०.८०, ०.७१ व १.०१ चौरस मीटर येतात. तिसऱ्याचे वजन दुसऱ्याच्या दुप्पट आहे. मात्रा मात्र त्याला सुमारे ४० टक्केच अधिक मिळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. या गणिताला वजन कळते, पण ते वजन कशाचे हे कळत नाही. स्नायूंचे, मेदाचे, की सुजेतल्या पाण्याचे? सोळा किलोचे ते मूल जन्मापासूनच किडकिडीत असेल, किंवा चार महिन्यांपूर्वी वीस किलोचे असून रोगाने झडले असेल. गणिताच्या लेखी दोन्ही सारखीच. औषध पचवण्याच्या दृष्टीने मात्र ती सारखी नाहीत.

प्रथम कृश मुलांचा विचार करू. अन्नाची कमतरता असलेल्या शरीरात रक्तातील प्रथिने घटतात. अनेक औषधे रक्तात या प्रथिनांना चिकटून फिरतात. प्रथिने कमी झाली की औषधाचा मोकळा अंश वाढतो व त्याची विषबाधा अधिक होते. आतड्याचे अस्तर पातळ होते, तोंड येते, मूल खाईनासे होते आणि ते आणखी कृश होते. प्रतिकारशक्ती मुळातच दुबळी असल्याने औषधांमुळे श्वेतपेशी खाली गेल्या की जंतूंना रान मोकळे मिळते. मग डॉक्टरांना औषध थांबवावे किंवा कमी करावे लागते, आणि तेवढी उसंत रोगाला पुरते. मेक्सिकोतील डॉक्टरांनी १९८९ साली अशा ४३ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सर्वांचा रोग सारख्याच, म्हणजे सौम्य समजल्या जाणाऱ्या प्रतीचा होता व उपचारही एकच होते. सुपोषित मुलांपैकी ८३ टक्के पाच वर्षांनंतर रोगमुक्त होती; कुपोषितांत हे प्रमाण अवघे २६ टक्के भरले. कुपोषित मुलांना औषधांची पूर्ण मात्रा सोसत नव्हती, हे त्यामागील एक मोठे कारण होते. पाहणी लहान होती, त्यामुळे नेमक्या आकड्यांवर फार भिस्त ठेवता येत नाही. परंतु गरीब देशांतील अनुभव त्याच दिशेचा आहे.

भारतातही याची प्रचीती आली. १९८४ साली मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, मद्रासची कर्करोग संस्था व दिल्लीची आयुर्विज्ञान संस्था यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील इयन मॅग्रॅथ यांच्या साहाय्याने या रोगासाठी एकच उपचारक्रम स्वीकारला. 'एम.सी.पी. ८४१' या नावाने तो ओळखला जाई. त्यापूर्वीच्या तुलनेत कितीतरी अधिक मुले त्यामुळे बरी झाली. तथापि श्रीमंत देशांत उपचारांच्या काळात जंतुसंसर्गाने क्वचितच मुले दगावत. येथे अशा मृत्यूंचे प्रमाण जास्त राहिले. रोग उलटून मेलेले मूल व रोग आटोक्यात असताना न्युमोनियाने गेलेले मूल यांतला भेद आईबापांना सांत्वन देत नाही, पण वैद्यकाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. कारण दुसऱ्या प्रकारचा मृत्यू टाळण्यासाठी नवे औषध शोधावे लागत नाही. अन्न, स्वच्छता व वेळेवर मिळालेले प्रतिजैविक यांनी तो पुष्कळसा टळू शकतो.

अन्न व ल्युकेमिया यांच्या संबंधातील एक धागा थेट मुंबईच्या गिरणगावापर्यंत जातो. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज स्त्री-डॉक्टर मुंबईस आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका घातक पांडुरोगाचे कारण शोधण्याचे काम तिच्याकडे होते. हाफकिन संस्थेत तिने संशोधन केले. त्याचा खर्च भारतीय संशोधन निधी संघटनेने उचलला होता. हीच संघटना १९४९ पासून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद या नावाने ओळखली जाते आणि तिचे मुख्यालय आज अन्सारीनगरातच, वर सांगितलेल्या रुग्णालयाच्या शेजारी आहे. यीस्टच्या स्वस्त अर्काने या स्त्रिया बऱ्या होतात असे विल्सबाईंना आढळले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. पालेभाज्यांत ते विपुल असते. पेशींची संख्या वाढण्यासाठी या द्रव्याची नितांत गरज असते, मग ती पेशी निरोगी असो वा रोगट. बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक आम्लासारखी द्रव्ये देऊन पाहिली, तेव्हा रोग कमी होण्याऐवजी भडकल्यासारखा दिसला. यावरून त्यांनी उलट तर्क केला: हे द्रव्य रोगट पेशींना मिळूच दिले नाही तर? आंध्रात जन्मलेले व अमेरिकेत काम करणारे येल्लाप्रगड सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फॉलिक आम्लाचे तोतये असे पदार्थ तयार केले, आणि १९४८ साली फार्बर यांनी सोळा मुलांपैकी दहा मुलांत त्यांच्यामुळे रोग तात्पुरता ओसरल्याचे जाहीर केले. मेथोट्रेक्झेट हे आजही वापरात असलेले औषध त्याच कुळातले.

आता ज्या मुलाच्या शरीरात फॉलिक आम्लाचा साठाच मुळी तुटपुंजा आहे, त्याला हा तोतया दिला तर काय होईल, याची कल्पना सहज करता येईल. निरोगी पेशींची सगळी शिल्लक आधीच खर्च झालेली असते. तोंडाचे व आतड्याचे व्रण आणि श्वेतपेशींची घट या साऱ्या गोष्टी तीव्र होतात. मात्र म्हणून घरच्या घरी शक्तीच्या गोळ्या देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. औषधाचा परिणाम ज्या द्रव्याच्या अभावावर अवलंबून आहे तेच द्रव्य भलत्या वेळी दिले तर रोगट पेशींनाही त्याचा लाभ मिळू शकतो. मेथोट्रेक्झेटची मोठी मात्रा दिल्यानंतर ठराविक तासांनी डॉक्टर स्वतःच फॉलिक आम्लाचे एक रूप उतारा म्हणून देतात. ती वेळ त्यांनीच ठरवायची असते.

कृशता वाईट, तर लठ्ठपणा चांगला असला पाहिजे, असे आपल्याकडे अनेकांना मनातून वाटते. गुटगुटीत मूल निरोगी, ही समजूत जुनी आहे. ल्युकेमियाने ती खोटी ठरवली. २००५ साली अमेरिकेत तीव्र ल्युकेमियाच्या दुसऱ्या, अधिक कठीण प्रकाराच्या ७६८ तरुण रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फार कृश व फार लठ्ठ अशा दोन्ही गटांतील रुग्ण मध्यम वजनाच्या रुग्णांपेक्षा अधिक संख्येने दगावले होते, आणि दोन्हीकडे उपचारकाळातील जंतुसंसर्ग हे मुख्य कारण होते. दोन वर्षांनी लसीकापेशींच्या ल्युकेमियाच्या चार हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली गेली. तेव्हा दहा वर्षांवरील लठ्ठ मुलांत रोग उलटण्याचा धोका सुमारे दीडपट असल्याचे आढळले.

असे का व्हावे, याचा शोध लॉस एंजलिस येथील स्टीव्हन मिटलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर व पेशींवर प्रयोग करून घेतला. मेद म्हणजे शरीराने साठवलेले निर्जीव तूप, अशी आपली कल्पना असते. वस्तुतः मेदपेशी जिवंत व उद्योगी असतात. ल्युकेमियाच्या पेशी मेदात शिरून राहतात व तेथे त्यांना औषधांपासून संरक्षण मिळते, असे या प्रयोगांत दिसले. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिंक्रिस्टिन हे औषध लठ्ठ उंदरांत कमी प्रभावी ठरले. ॲस्परॅजिनेज नावाचे दुसरे औषध रोगट पेशींना लागणारी विशिष्ट अमिनो आम्ले रक्तातून नाहीशी करून त्यांची उपासमार करते. पण मेदपेशी त्यांपैकी ग्लुटामिन हे आम्ल स्वतः बनवून शेजारच्या रोगट पेशींना पुरवतात. डॉनोरुबिसिन हे औषध तर मेदपेशी स्वतःच शोषून त्याचे विघटन करून टाकतात. रोगाला घरातच आश्रय देणारा फितूर असावा तसा हा प्रकार आहे. याखेरीज लठ्ठ रुग्णांचे यकृत व स्वादुपिंड औषधांनी लवकर बिघडते. आणि पूर्वी आणखी एक दोष होता, तो माणसांचा: हिशेबाने आलेली मोठी मात्रा पाहून डॉक्टर कचरत व ती आपल्या अंदाजाने कमी करीत. प्रौढ लठ्ठ रुग्णांनाही प्रत्यक्ष वजनाप्रमाणे येणारी पूर्ण मात्राच द्यावी, असे अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली स्पष्ट केले.

दिल्ली व तिच्या भोवतालचा प्रदेश या दृष्टीने विशेष विचार करण्यासारखा आहे. कारण तेथे ही दोन्ही टोके एकाच रांगेत उभी असतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दिल्लीतील पाच वर्षांखालील सुमारे ३१ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. आणि त्याच शहरातील सुमारे ४१ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक होते. नोएडा-गुडगावच्या वसाहतींतून येणारा स्थूल मुलगा आणि खेड्यातून येऊन धर्मशाळेत उतरलेल्या मजुराची हाडे निघालेली मुलगी यांना एकाच रोगावर, एकाच कोष्टकाने औषध द्यायचे असते. हरियाणातील झज्जर जिल्ह्यात बाडसा येथे २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतही हेच दृश्य दिसेल.

मूल कृश किंवा लठ्ठ कोणत्या मापाने म्हणायचे, हाही प्रश्न सोपा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीची जी प्रमाणे प्रसिद्ध केली, ती सहा देशांतील मुलांच्या मोजणीवर आधारलेली आहेत, आणि त्यांतले भारतातील केंद्र दक्षिण दिल्ली हे होते. खाऊनपिऊन सुखी घरांतील, आईच्या दुधावर वाढलेली मुले तेथे निवडली होती. योग्य अन्न व आरोग्य लाभले तर दिल्लीचे मूल ओस्लोच्या मुलाच्या बरोबरीने वाढते, हे या मोजणीने सिद्ध केले. 'आपली मुले जातीनेच लहानखुरी' ही सबब त्यामुळे उरली नाही.

प्रौढांचे माप मात्र फसवे ठरू शकते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून जो निर्देशांक येतो, तो या कामी सर्वत्र वापरतात. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे लंडनमधील सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही निर्देशांक २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होता! भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही आत मेद बाळगून असतो, हे याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही. म्हणूनच भारतीय प्रौढांसाठी जास्त वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ धरावी असे आपल्या तज्ज्ञांनी ठरवले. मुलांत उलटीच फसगत होते. ल्युकेमियाने यकृत व पानथरी फुगलेली असतात, अंगाला सूज असते, आणि काट्यावर मूल ठीक वाटते. अशा वेळी दंडाचा घेर मोजणारी साधी फीत काट्याहून खरे बोलते, कारण पोटातील सुजेचा दंडावर परिणाम होत नाही.

इतके वाचून एखाद्याला वाटेल की निदानाच्या दिवशीचा आकडा म्हणजे विधिलिखित. तसे मुळीच नाही, आणि या सर्व संशोधनातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. अमेरिकेतील २,००८ मुलांच्या वजनाची उपचारभर नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. मूल किती काळ लठ्ठ किंवा कृश राहिले यावर धोका अवलंबून होता. उपचार चालू असताना ज्यांचे वजन योग्य मर्यादेत आले, त्यांचा धोका उतरला. ग्वाटेमालासारख्या गरीब देशातही, पहिल्या सहा महिन्यांत ज्यांचे पोषण सुधारले ती मुले जगण्याच्या बाबतीत प्रारंभापासून सुपोषित असलेल्या मुलांच्या जवळपास आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अमेरिकन चाचणीत दहा ते एकवीस वर्षांच्या चाळीस रुग्णांना उपचाराच्या पहिल्या महिन्यात बेताचा आहार व व्यायाम दिला गेला. पूर्वी उपचार घेतलेल्या रुग्णांच्या तुलनेत त्यांच्या मगजात महिनाअखेर रोगाचा अंश उरण्याचे प्रमाण कमी आढळले. अर्थात हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली झाले. घरच्यांनी मुलाला उपाशी ठेवण्याचा हा परवाना नव्हे, आणि कृश मुलाच्या बाबतीत तर ते घातकच ठरेल.

पहिल्या महिन्यातच सर्वांत मोठी फसगत होते. त्या काळात दिल्या जाणाऱ्या स्टिरॉइड औषधांनी मुलाला अनावर भूक लागते. रात्री दोन वाजता उठून ते खायला मागते, गाल फुगतात, पोट सुटते. आठवड्यापूर्वी अन्नाला न शिवणारे मूल आता चार पोळ्या मागते, हे पाहून आईला आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु त्याच दिवसांत दंड व मांड्या बारीक होत असतात; कारण ही औषधे स्नायू झिजवतात व मेद वाढवतात. काटा चढतो आणि बळ उतरते. या काळात तळलेले, गोड व पुडीतले खाऊ टाळून डाळ, अंडी, दूध, ताजे शिजवलेले अन्न थोड्या थोड्या अंतराने देणे व मुलाला झेपेल तितके चालवणे, एवढे घरच्यांच्या हाती असते. रस्त्यावरचे खाद्य व न उकळलेले पाणी वर्ज्य करावे लागते ते वजनासाठी नव्हे, जंतूंसाठी. धर्मशाळेच्या एका खोलीत, एका शेगडीवर हे सांभाळणे किती कठीण असते, याचा विचार आहारपत्रिका लिहिणाऱ्यांनीही करायला हवा.

प्रौढांमधील रक्ताच्या कर्करोगांबद्दल चित्र अद्याप तितके स्पष्ट नाही. मायलोमा या मगजाच्या कर्करोगाचा धोका लठ्ठपणामुळे वाढतो, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली काढला. याउलट लसीकाग्रंथींच्या कर्करोगात, म्हणजे लिंफोमात, थोडे स्थूल रुग्ण कृश रुग्णांपेक्षा अधिक जगल्याचे काही पाहण्यांत आढळते. यावरून मेद हितकारक ठरत नाही. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून अधिक वजन आपोआप घटणे हे या रोगाचे एक गंभीर लक्षण मानले जाते. म्हणजे कृश गटात रोगानेच पोखरलेल्या माणसांची भरती झालेली असते. सत्तर किलोचा माणूस सहा महिन्यांत कारण नसताना त्रेसष्टच्या खाली आला, तर तो आता किती किलोचा आहे यापेक्षा हरवलेले सात किलो कोठे गेले, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. म्हणून रुग्णाने जुन्या वजनाची एखादी चिठ्ठी, निवडणूक ओळखपत्रावरचे जुने छायाचित्र किंवा कमरेच्या पट्ट्याचे नवे पाडलेले भोक जरी दाखवले, तरी त्याचा निदानाला उपयोग होतो.